फोटोबाहेरची प्लेट

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पोरापोरींच्या जेवणाच्या फोटोंना एक अलिखित नियम असतो. कोरियन बार्बेक्यूचा फोटो काढताना मधली जाळी रिकामी हवी, नाहीतर तिच्यावर कोंबडी आणि मश्रूम हवेत. किमची दिसली तर उत्तम. सोजूची हिरवी बाटली दिसली तरी हल्ली चालून जातं. एखाद्या काकांचा डोळा मारणारा चेहरा येतो आणि विषय संपतो. पण पांढऱ्या चरबीच्या रेघा असलेल्या लालभडक पट्ट्यांची प्लेट फोटोत येता कामा नये. ती टेबलाच्या कडेला सरकवली जाते, कुणीतरी तिच्यापुढे हात धरतं, आणि एवढं करूनही कोपरा दिसलाच तर फोटो कापला जातो. मग तो घरच्या ग्रुपवर जातो: 'मित्रांसोबत मस्त संध्याकाळ.'

कॅलिफोर्नियात सांता क्लारा गावातून एल कमिनो रिआल नावाचा रस्ता जातो. त्याच्या एका पट्ट्यात कोरियन दुकानं आणि हॉटेलं आहेत. तिथल्या टेबलांवर हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे, की एखाद्याचा भित्रा स्वभाव म्हणून तो सोडून देता येत नाही. ती आता रीत झाली आहे. आणि या रीतीवर माझा आक्षेप आहे. ती लाजेतून आलेली नाही, भक्तीतून तर नाहीच. ती सोयीतून आली आहे, आणि त्या सोयीची किंमत फोटो कापणारे देत नाहीत. ती किंमत देणारी माणसं दुसरी आहेत आणि ती महाराष्ट्रात राहतात.

आधी काही गोष्टी बाजूला काढते. सगळ्यांनी गोमांस खावं असं मी म्हणत नाही. जो शाकाहारी आहे त्याने शाकाहारी राहावं. ऐंशी वर्षांच्या आजीला व्हिडिओ कॉलवर शेगडी दाखवावी असंही माझं म्हणणं नाही. आजीपासून माणूस बरंच काही लपवतो आणि आजीही आपल्यापासून लपवते. माझा रोख त्यांच्यावर आहे जे शनिवारी रात्री गोमांस खातात आणि रविवारी सकाळी गोरक्षणाच्या मेसेजला अंगठा दाखवतात.

हे जेवण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. टेबलाच्या मधोमध गॅसची शेगडी, तिच्यावर जाळी, आणि वर छतातून लोंबणारं धुराडं. बसण्याआधी जॅकेट काढून स्टुलाच्या पोकळीत टाकायचं, नाहीतर त्याचा धुराचा वास दोन दिवस जात नाही. छोट्या वाट्यांतून बानचान येतं: किमची, सोयाबीनचे मोड, तिळाच्या तेलातला पालक, मुळ्याचं लोणचं. संपलं की पुन्हा मागायचं, त्याचे पैसे लागत नाहीत. मांस कच्चं येतं. एकाच्या हातात चिमटा, दुसऱ्याच्या हातात कात्री. मांस तिथे कात्रीने कापतात. चादोल्बागी म्हणजे छातीकडच्या मांसाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, जाळीवर टाकल्या की मिनिटभरात होतात. काल्बी म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण आणि नाशपातीच्या रसात मुरवलेली बरगडी. सामग्योपसाल म्हणजे डुकराच्या पोटाचे जाड काप. भाजलेला तुकडा लेट्यूसच्या पानावर घ्यायचा, त्यावर स्सामजांग ही आंबवलेल्या सोयाबीनची चटणी, लसणाचा एक काप, मग विड्यासारखी पुडी करायची आणि ती एका घासात तोंडात घालायची.

हे एकट्याने खायचं जेवण नाही. एक भाजतो, बाकीचे खातात. मग चिमटा दुसऱ्याकडे जातो. सगळ्यांचं एकाच जाळीवर शिजतं, त्यामुळे कोण काय खातंय हे टेबलावर कुणापासून लपत नाही. त्यातून आम्ही जातो तिथे माणशी ठरलेले डॉलर देऊन पोटभर खायची सोय असते, म्हणजे आमच्यातला वसुलीचा हिशोब लगेच जागा होतो. कोंबडीत वसुली होत नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच. सगळ्यात महाग मांस बैलाचं किंवा गाईचं, म्हणून पहिल्या फेरीपासून मागवलं जातं तेच. पोथीपेक्षा हिशोब मोठा, हे आमच्या पिढीने इथे न बोलता मान्य केलेलं आहे.

न बोलता हे महत्त्वाचं. त्या टेबलावर आम्ही मराठी बोलतो, पण त्या मांसाचं नाव मराठीत घेत नाही. 'ब्रिस्केट' म्हणतो, 'शॉर्ट रिब' म्हणतो, फार तर 'रेड मीट' म्हणतो. मराठीत शब्द नाही असं नाही. 'मोठ्याचं' हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांना कळतो. पण त्या शब्दाला गावाबाहेरच्या वस्तीचा आणि मोहल्ल्याचा वास आहे. 'ब्रिस्केट'ला वास नाही. तो शब्द हॉटेलच्या मेन्यूवरून थेट आमच्या तोंडात आलेला आहे, मध्ये कुणाची जात लागलेली नाही. एकच पदार्थ एका नावाने खाल्ला तर रुची आणि दुसऱ्या नावाने खाल्ला तर लायकी, ही करामत भाषेची नाही. ती खाणाऱ्याच्या आडनावाची आहे.

नावाचा प्रश्न सुटला की पुढचा विनोद येतो. "अरे, ती काय आपली गाय आहे? ती अँगस आहे." सगळे हसतात. मीही पहिल्यांदा हसले, कारण वाक्य चांगलं आहे. पण हा विनोद आता सरकारी भाषेत जाऊन बसला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं, आणि ते देशी गाईंना. राज्यभर गोठ्यांतून उभ्या असलेल्या आणि डेअऱ्यांना दूध पुरवणाऱ्या जर्सी-होल्स्टिन संकरित गाई त्यात बसत नाहीत. म्हणजे मातृत्वाला वंशाची अट आहे, हे आमच्या टेबलावर थट्टेत म्हटलं जातं आणि मंत्रालयात गांभीर्याने.

पण जिथे शिक्षा आहे तिथे मात्र वंश पाहिला जात नाही. महाराष्ट्राचा प्राणी रक्षण कायदा १९७६ चा. गाईच्या कत्तलीला त्यात पहिल्यापासून बंदी आहे. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैल आणि वळू यांनाही त्यात आणणारी दुरुस्ती केली, आणि तिला राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये मिळाली. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. खिलार असो की जर्सी, शिक्षा तीच. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा होता. ते कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केलं. माणूस घरात काय खातो हा त्याचा खासगी प्रश्न आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

खासगी प्रश्न. आमच्या टेबलावरही हाच शब्द शेवटचा म्हणून टाकला जातो. "काय खायचं हा प्रत्येकाचा पर्सनल चॉइस आहे." कबूल. मग हा खासगीपणा ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्या एक्सप्रेसमधल्या त्या म्हाताऱ्या माणसाला का मिळाला नाही? मुलीच्या घरी निघालेला माणूस. बरणीत मांस होतं. डब्यातल्या तरुण पोरांनी त्याला ते कसलं म्हणून विचारलं, तो म्हशीचं म्हणाला, तरीही त्याला मारलं, शिव्या दिल्या आणि त्याचं चित्रीकरण केलं. ती पोरं पोलीस भरतीच्या परीक्षेला निघाली होती. त्याच्या वर्षभर आधी, जून २०२३ मध्ये, नाशिक जिल्ह्यात दोन वेगवेगळ्या घटनांत गुरं किंवा मांस नेल्याच्या संशयावरून जमावाने केलेल्या मारहाणीत दोन माणसं मेली. २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने रस्त्यावरच्या या छळाला कंटाळून जनावरांची खरेदीच बंद ठेवली, आणि मग भाकड जनावर विकायला बाजारात आलेला शेतकरी दावं हातात धरून परत गेला. त्या शेतकऱ्यांत हिंदू किती होते हे कुणाला सांगायला नको.

त्या डब्यातल्या माणसाची बरणी आणि आमची प्लेट यांतला फरक मला कुणीतरी समजावून सांगावा. त्याच्या बरणीत त्याच्या म्हणण्यानुसार म्हैस होती. आमच्या प्लेटमध्ये निःसंशय गाय किंवा बैल. त्याने मुलीकडे नेण्यासाठी घेतलं, आम्ही वसुलीसाठी मागवलं. त्याचं चित्रीकरण दुसऱ्यांनी केलं. आमचं आम्हीच करतो, पण कोपरा कापून.

खाणं एक आणि नाव छापून येणं वेगळं, ही युक्ती आमच्या पिढीने शोधलेली नाही. मराठी मध्यमवर्गाला तिचा सव्वाशे वर्षांहून जास्त सराव आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतला, काहींनी नुसता मान राखला. प्रकरण तिथेच संपलं असतं. पण आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुणं पेटलं. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशी झाली, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि ते घेतलं म्हणून सुधारकांनी त्यांना धारेवर धरलं.

त्या काळात ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा पुण्यात आणखी कुणी कुणी कितीदा घेतला असेल, याचा हिशोब कुणी मागितला नाही. गुन्हा चहाच्या घोटात नव्हता, छापलेल्या यादीत होता. आज गोपाळराव नाहीत, फोन आहे, आणि यादी आपणच बनवतो. म्हणून आपणच ती आधी साफ करतो. प्रायश्चित्ताचं काम फोटो कापण्याच्या बटणावर भागतं.

आता ज्यांच्या शेगडीभोवती आपण बसतो त्यांच्याकडे वळू. कोरियन लोक हजारो वर्षं मजेत मांस भाजत आले असतील, असा आपला समज असतो. तसं नव्हतं. जोसोन राजवटीत, म्हणजे १३९२ पासून पुढची पाचशे वर्षं, बैल हा नांगराचा आधार होता आणि त्याच्या कत्तलीवर सरकारने पुन्हा पुन्हा बंदी घातली. शेतीसाठी जनावर वाचवायचं, हे कारण आपल्या ओळखीचं आहे. बंदी होती म्हणून खाणं थांबलं का? सोलमधल्या उमरावांत हिवाळ्याच्या तोंडावर शेगडीभोवती जमून गोमांस भाजून खायची रीत होती. तिला नाव होतं, नल्लोह्वे, म्हणजे शेगडीची बैठक. १८४९ च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध ग्रंथात वर्षभराच्या चालीरीतींमध्ये तिची नोंद आहे. कायदा एकीकडे, शेगडी दुसरीकडे, आणि कायदा करणारे शेगडीभोवती.

मग बैल कापत कोण होतं? बेकजंग. हा तिथला अस्पृश्य वर्ग. खाटीककाम, कातडी कमावणं, बुरूडकाम ही त्यांची कामं. त्यांची वस्ती वेगळी. कौलारू घर बांधायला बंदी, रेशीम घालायला बंदी, घोड्याच्या केसांची ती काळी टोपी घालायला बंदी. दुसऱ्याच्या पोरासमोरही वाकून बोलायचं. गंमत अशी की 'बेकजंग' हा शब्द मुळात साध्या रयतेचा होता. १४२३ मध्ये राजा सेजोंगच्या दरबाराने या बहिष्कृत लोकांना हे नाव दिलं, म्हणजे ते रयतेत मिसळतील. झालं उलटं. रयतेने ते नाव टाकलं आणि नावच बाटलं. नाव बदलून माणसाला माणूस करायचा प्रयोग पुढे आपल्याकडेही झाला. तो कुठवर गेला ते आपण जाणतो.

१८९४ च्या सुधारणांत कोरियातला हा जन्मजात दर्जा कायद्याने संपला. माणसांच्या मनातून संपला नाही. १९०९ मध्ये जिंजू या शहरातल्या चर्चमध्ये बेकजंगांना इतरांसोबत प्रार्थनेला बसवलं, तेव्हा बाकीचे भाविक उठून गेले. त्याच जिंजूत एप्रिल १९२३ मध्ये ह्योंगप्योंगसा ही संघटना उभी राहिली. तिच्या नावात खाटकाच्या हातातला तराजू आहे: दोन्ही पारडी समान. मुलाला शाळेत घेत नाहीत म्हणून चिडलेला एक पैसेवाला बेकजंग तिच्या संस्थापकांत होता, आणि उच्चकुलीन घरातला एक कार्यकर्ताही होता. गावकऱ्यांनी याला उत्तर काय दिलं? गोमांस विकत घेणार नाही, अशी शपथ. बैल कापणारा आपल्या बरोबरीने उभा राहायला निघाला तेव्हा त्यांना बैल नकोसा झाला. हे १९२३ चं. चारच वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं गेलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचं मांस सोडून द्यायला सांगितलं, कारण त्या मांसाचं निमित्त करून त्यांचं माणूसपण नाकारलं जात होतं. १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी अस्पृश्यतेच्या मुळाशीच गोमांसाचा प्रश्न आहे, अशी मांडणी केली.

आज कोरियात बेकजंगांचे वंशज कोण, हे सहसा कुणाला सांगता येत नाही. युद्धाने आणि शहरांनी माणसं इतकी विस्कटली, की वस्त्यांचा माग राहिला नाही. शिवी म्हणून तो शब्द अजून शिल्लक आहे. पण पैलवानीतून टीव्हीवर आलेल्या कांग हो-दोंगच्या नावाने निघालेल्या बार्बेक्यू हॉटेलांच्या साखळीच्या पाटीवरही तोच शब्द आहे: बेकजंग. कोरियात आणि लॉस एंजेलिसमध्ये लोक त्या पाटीखाली रांग लावून उभे राहतात. आपल्याकडच्या तशा एखाद्या जातीचं नाव हॉटेलच्या पाटीवर आहे आणि पुण्याच्या डेक्कनवर त्याच्या दारात रांग आहे, अशी कल्पना करून पाहा. कोरियन समाज आपल्यापेक्षा थोर आहे असं मला म्हणायचं नाही. त्यांची स्वतःची दडपादडपी त्यांच्याकडे भरपूर असेल. पण खाणारा शुद्ध आणि कापणारा बाटलेला, ही जुनी व्यवस्था निदान त्या शेगडीपुरती त्यांनी मोडली. आपण त्याच शेगडीपाशी जातो आणि ती व्यवस्था नव्याने मांडतो. खातो आपण. बाटतो महाराष्ट्रातला माणूस.

हे मांस ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं, असा एक मित्र आमच्या टेबलावर असतो. मराठवाड्यातला. चादोल्बागीची प्लेट पहिल्यांदा आली तेव्हा त्याने एक पट्टी चिमट्याने उचलून उजेडात धरली आणि म्हणाला, "आमच्याकडे हे दोरीवर वाळत घालतात." चान्या. वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. फ्रिज नसलेल्या घरातला साठा. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मध्ये आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतलं हे सगळं स्वयंपाकघर आहे. ज्यांच्या घरी 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणून जेवण सुरू होतं त्यांनी ते वाचावं, कारण आपल्या पाककृतींच्या जाडजूड पुस्तकांत या घरांना एक पानसुद्धा मिळालेलं नाही.

हा मित्र इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात वसतिगृहात राहिला. घरी काय शिजतं हे त्याने चार वर्षांत रूममेटला सांगितलं नाही. आजही तो कसलाच फोटो टाकत नाही. एकदा मी त्याला माझं हे सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही खाल्लंत की तो अनुभव असतो. आम्ही खाल्लं की ती जात असते. मी कशाला सांगू?" त्याचं बरोबर आहे. त्याची शांतता आणि बाकीच्यांची शांतता एका टेबलावर बसलेली असली तरी एक नाही. त्याला बोलण्याची शिक्षा काय ते माहीत आहे. बाकीच्यांना शिक्षा नाही हेही माहीत आहे, आणि तरी ते गप्प आहेत.

टेबलावर आणखी एक मैत्रीण असते, पक्की शाकाहारी. ती भात, पालक आणि मोड खाते. किमचीत बहुतेक वेळा माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते म्हणून तीही सोडते. तिला वेगळी जाळी लागते, ती ती मागून घेते, आणि कुणाच्या प्लेटकडे नाक मुरडत नाही. एकदा कुणीतरी तिच्यासमोर "मटण आहे, मटण" म्हणून वेळ मारून नेत होतं. ती म्हणाली, "गाय आहे ना? मग गाय म्हण. मी काही पळून जाणार नाही." गोमांस न खाणाऱ्या माणसाला सत्याचा त्रास होत नाही, खाणाऱ्यांना होतो, ही आमची स्थिती.

"उगाच भावना कशाला दुखवायच्या?" हा नेहमीचा युक्तिवाद. कुणाच्या भावना? ज्या मावशी-काकांच्या भावना जपायच्या त्यांच्याच ग्रुपवर ते व्हिडिओ येतात, आणि त्यांत मार खाणारा माणूस त्यांना दिसतो पण लागत नाही. त्यांच्या मनात एक पक्की वाटणी आहे: ते खातात, आपण खात नाही. ही वाटणी तुमच्या कापलेल्या फोटोवर उभी आहे. त्यांची लाडकी, गणपतीला आवर्जून फोन करणारी, पगारातून घराच्या हप्त्याला हातभार लावणारी भाचीसुद्धा 'ते'मध्ये आहे हे एकदा कळलं, तर वाटणीची रेघ थोडी तरी पुसट होईल. भावना जपणं म्हणजे ही रेघ जपणं. आणि धर्माचंच म्हणाल, तर गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचं पालन करावं, पूजन करू नये, हे सावरकरांनी मराठीतच लिहून ठेवलेलं आहे. त्यांची जयंती साजरी करणाऱ्यांना ते वाचायला वेळ मिळालेला दिसत नाही.

"मग काय, गोमांसाचे फोटो टाकून क्रांती होणार?" नाही होणार. मुद्दाम डिवचायला टाकलेले फोटोही मी पाहिले आहेत, खाली 'बिनधास्त' लिहिलेले. त्यांच्यात आणि कापलेल्या फोटोंत फार अंतर नाही. दोन्हींत विषय स्वतःची प्रतिमा हाच असतो. मला फोटो नकोच आहेत. मला हवी आहे ती फार लहान गोष्ट: घरच्या ग्रुपवर 'हे लोक असलं खातात, यांना असंच पाहिजे' असं काही आलं, की त्याखाली "मीही खाते" एवढे दोन शब्द.

मी ते लिहिलं. धुळ्याच्या गाडीचा तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली हसरे चेहरे आले, त्या दिवशी. परिणाम सांगते. एक काका ग्रुप सोडून गेले. आई आठवडाभर नीट बोलली नाही, मग भाजीला काय केलंस म्हणून फोन आला. एका आत्तेभावाने खासगीत लिहिलं की तोही खातो, पण कुणाला सांगू नकोस. एवढंच. माझं आडनाव असं आहे की गाडीत मला कुणी डबा उघडायला सांगणार नाही. माझी नोकरी जाणार नाही, घरमालक घर सोडायला सांगणार नाही, व्हिसाच्या फॉर्मवर हा रकाना नाही. हे दोन शब्द उच्चारायला ज्यांना सगळ्यात कमी पैसे पडतात ते आपण आहोत. आणि वसुलीत आपला हात कुणी धरत नाही.

कोरियन लोकांनी अमेरिकेत बरगडी आडवी, हाडासकट पातळ कापायला घेतली. तिला 'एलए काल्बी' म्हणतात आणि ती आज सोलमध्येही त्याच नावाने विकली जाते. परदेशी गेलेल्यांची सवय त्यांच्या मायदेशात आली ती शहराच्या नावासकट आली, कुणी तिचा कोपरा कापला नाही. आपण परदेशातून घरी काय नेतो? चॉकलेटं, बदामाची पाकिटं, आणि आपण काहीच बदललो नाही ही खात्री. त्यातली शेवटची वस्तू खोटी आहे, आणि तिच्या जोरावर घरचे लोक तिऱ्हाइताचा डबा उघडायला लावणाऱ्यांना टाळ्या देतात.

त्यामुळे पुढच्या वेळी तसला व्हिडिओ येईल तेव्हा अंगठा दाखवू नका, हसरा चेहरा टाकू नका, 'राजकारण नको' म्हणून विषयही बदलू नका. आपण शनिवारी काय खाल्लं ते आठवा आणि मराठीत लिहा.